जखम मॅडमची, चप्पल माझी

सकाळी ९. मधुमेहाच्या पायांची ओपीडी सुरू व्हायच्या आधी मी बाकावर बसलेल्यांच्या चपला मागून घेतो. पालथ्या करून पाहतो, टाच कोणत्या अंगाने झिजली, चवड्याखाली कुठे खळगा पडला. मग आतून बोट फिरवतो. आज एका काकांच्या चपलेत खिळ्याचं टोक वर आलेलं. त्यांना पत्ताच नव्हता. बधिर पायाच्या चपलेला खिळा ठोकायचा नाही; शिवायचं किंवा चिकटवायचं.

१०. डॉक्टर मॅडम १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा तंतू, तळव्याला वाकेपर्यंत टेकवतात. पेशंटला स्पर्श कळत नसेल तर पाय धोक्यात. मग नाडी बघतात, घट्टे ब्लेडने तासतात. घट्टा कापणं हे त्यांचंच काम. काही चप्पलवाले तेही करून देतात, ते मला मुळीच पटत नाही.

११.३०. एका मावशींची चवड्याखालची जखम पुन्हा उघडली होती. पहिल्या वेळी त्यांना दुसरीकडून चिठ्ठी मिळालेली, 'एमसीआर चप्पल द्या', एवढीच. दाब कुठला काढायचा, बोटं वाकडी आहेत का, एक अक्षर नाही. अशा चिठ्ठीचा मला राग येतो. औषध लिहिताना डोस कोणी वगळतं का?

मी म्हटलं, "मॅडम, नुसता मऊ तळ पुरणार नाही. होडीसारखा पुढे उचललेला कडक सोल देऊ, म्हणजे चवडा वाकणार नाही."

"त्यांचा तोल जातो. पडल्या तर?"

"टाच रुंद ठेवतो, उचल कमी करतो."

"चालेल. पण जखम भरेपर्यंत चप्पल नाहीच. आधी प्लास्टर."

मावशींना लेकीच्या घरच्या कार्यासाठी चप्पल हवी होती, मलाही द्यावीशी वाटत होती. पण उघड्या जखमेवर मॅडमचा शब्द शेवटचा.

दुपारी २. कापणी, घासणी, सोल्युशन. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. ही चप्पल आली कुष्ठरोगाच्या कामातून. सर्जन डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णांच्या तळव्याच्या जखमा बधिर पायावर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबाने होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या कामात डॉक्टर आणि चांभार एकाच पायाशी बसले. आज मधुमेहाला आम्ही वापरतो ती विद्या बरीचशी तिथली. आत मऊ एमसीआर, खाली काटा न शिरणारं कडक रबर, मागे पट्टा. बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, म्हणून तो पट्टा.

४.३०. मापं संध्याकाळीच घेतो, तोवर पाय सुजलेला असतो. उभं करून, दोन्ही पायांची वेगळी. आतली लांबी पावलापेक्षा १ ते २ सेंटिमीटर जास्त.

मॅडमना सगळ्यांना बंद बूट द्यायचे असतात. बाहेर ते ठीक. पण आपल्याकडे पायताण दारातच उतरतं आणि बायांची निम्मी चाल स्वयंपाकघरात होते, अनवाणी. हे मी लावून धरलं तेव्हा त्यांनी एका आजींना विचारलं, "घरात काय घालता?" आजी म्हणाल्या, "घरात कशाला?" तेव्हापासून चिठ्ठीवर दोन जोड असतात, एक फक्त घरातला.

६. नवी जोडी दिलेल्या एका दादांना आवारात फिरवून आणलं. करंगळीपाशी लाली. मॅडमना हाक मारली. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं, लाली जाईना. पट्टा दोन सूत बाहेर घ्यायचं ठरलं. दादा म्हणाले, "दुखत नाही हो, राहू द्या." आम्ही दोघांनी एकदमच नाही म्हटलं. जोडी ठेवून घेतली. उद्या शिवून देतो.