पाण्याचा स्वभाव

दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील काचपेटी म्हणजे त्या घरच्या मुलांचा जीव की प्राण. पेटीत दहा-बारा निऑन टेट्रा, काही गप्पी आणि तळाशी हिरवीगार पाणवेल. घर मुंबईचे, पाणी नळाचे. पुढे परीक्षा आल्या, त्यामागून मे महिन्याची सुट्टी आली आणि चार-पाच महिने पेटीकडे कोणाचे फारसे लक्ष राहिले नाही. शेजारच्या आजी तेवढ्या रोज चिमूटभर खाद्य टाकीत आणि आटलेले पाणी भरीत. मुले गावाहून परतली तेव्हा पाणी पिवळसर झाले होते आणि काचेवर शेवाळ धरले होते. मासे मात्र नित्याप्रमाणे हिंडत होते. मुलांना त्यांची दया आली. त्यांनी काच घासली, निम्मे पाणी उपसून टाकले. त्या दिवशी नळाला पाणी नव्हते, म्हणून आवारातील कूपनलिकेचे गार, नितळ पाणी भरले. पेटी आरशासारखी लखलखू लागली. परंतु सायंकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागले आणि सकाळपर्यंत चार गप्पींखेरीज एकही मासा वाचला नाही.

घाण पाण्यात जगलेले मासे स्वच्छ पाण्यात मेले, हे कसे?

पाणी नितळ दिसले म्हणजे सर्व पाणी एकच, असे आपण समजतो. ते खरे नव्हे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते, खडकांच्या फटींतून झिरपते, तेव्हा वाटेतील द्रव्ये ते आपल्यात विरघळवून घेते. महाराष्ट्राच्या पठारावरील काळ्या बेसाल्ट खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार उतरतात. अशा पाण्याला दुष्फेन किंवा जड पाणी म्हणतात. गृहिणींना त्याची ओळख शास्त्रज्ञांच्या फार पूर्वीपासून आहे. त्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि बंबाच्या आत पांढरी पुटे धरतात. याउलट सह्याद्रीच्या उतारावरील पावसाचे जे पाणी तलावांत साठून मुंबईच्या नळांना येते, ते सुफेन, म्हणजे हलके असते. पाण्याचा जडपणा लिटरला किती मिलिग्रॅम असा मोजतात. ढोबळमानाने ६० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी सुफेन आणि १८० च्या वरचे अतिशय दुष्फेन समजले जाते.

पाण्याचा दुसरा गुण म्हणजे त्याचा सामू. इंग्रजीतील पीएच तो हाच. पाणी आम्लाकडे झुकले आहे की अल्काकडे, हे तो सांगतो. ही मोजपट्टी १९०९ साली सोरेनसेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने कोपनहेगन येथे तयार केली. ७ हा आकडा उदासीन, त्याखाली आम्लता, त्यावर अल्कता. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. या मोजपट्टीवरची पायरी जिन्याच्या पायरीसारखी सारखी नाही. ७ वरून ६ वर येणे म्हणजे आम्लता दहापट होणे आणि ५ वर येणे म्हणजे शंभरपट होणे. म्हणून ‘एक-दोन आकड्यांचाच तर फरक’ असे म्हणणाऱ्याला पाणी कळले नाही असेच समजावे.

हे दोन गुण एकमेकांशी नातेही ठेवतात. जड पाण्यात बहुधा बायकार्बोनेटे असतात. बाहेरून आम्ल आले की ती त्याला गिळून टाकतात आणि सामू फारसा हलू देत नाहीत. जड पाण्याचा सामू उतरावा म्हणून काही लोक लिंबू पिळतात किंवा दुकानातून औषधाची बाटली आणतात. आकडा घटकाभर खाली येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्वपदावर जातो. मग पुन्हा बाटली. या ओढाताणीत मासा बिचारा हैराण होतो. सुफेन पाण्यात असे रक्षक द्रव्य थोडे असते. ते संपले की सामू घसरत जातो.

आता माशाच्या शरीरात काय चालते ते पाहू. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याहून खारे असते. त्यामुळे कल्ल्यांच्या पातळ पडद्यांतून पाणी सतत आत शिरते आणि शरीरातील क्षार बाहेर झिरपू पाहतात. आत आलेले पाणी मूत्रावाटे टाकणे आणि गमावलेले क्षार कल्ल्यांनी पुन्हा वेचून घेणे, हा उद्योग मासा रात्रंदिवस करीत असतो. पाण्याचा स्वभाव हळूहळू पालटला तर तो आपल्या शरीराची घडी बदलून घेतो, पण एका तासात पालटला तर त्याचा इलाज चालत नाही.

प्रत्येक जातीची घडी तिच्या मूळ गावच्या पाण्याप्रमाणे बसलेली असते. निऑन टेट्रा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तेथील अरण्यात पालापाचोळा कुजून चहासारखे तांबूस झालेले, अत्यंत सुफेन व आम्ल पाणी असते. रिओ निग्रो या नदीचा सामू तर ४ ते ५ च्या आसपास असतो. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराची तऱ्हा अगदी उलट. तेथील पाणी जड आणि त्याचा सामू ९ च्या जवळपास. तेथला सिक्लिड मासा टेट्राच्या पेटीत सोडणे म्हणजे दोघांपैकी एकाला वनवास देणे होय. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडे विहिरींत व हौदांत सोडतात तो गप्पी जड पाण्यात आनंदाने नांदतो. दुकानातील टेट्रा बहुधा पैदास केंद्रांत वाढलेले असतात. त्यामुळे ७ च्या आसपासचे पाणीही त्यांना मानवते. अंडी उबण्यासाठी मात्र त्यांना पूर्वजांचे सुफेन पाणीच लागते.

तरीही मुलांच्या पेटीतील एवढा मोठा अनर्थ केवळ पाण्याच्या बदलाने झाला नव्हता. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया निघतो. पेटीच्या वाळूतील सूक्ष्म जीवाणू त्याचे रूपांतर प्रथम नायट्राइटात व मग नायट्रेटात करतात. हे काम होताना आम्ल तयार होते. सुफेन पाण्यातील थोडकी बायकार्बोनेटे काही महिन्यांत खर्ची पडली आणि सामू ६ च्या खाली गेला. इतक्या आम्ल पाण्यात जीवाणूंचे कामही मंदावते. अमोनिया साठू लागतो. पण आम्ल पाण्यात तो अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते रूप माशांना फारसे बाधत नाही. २५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात सामू ७ असेल, तर साठलेल्या हजार भागांपैकी सुमारे ६ भागच विषारी अमोनिया असतो. सामू ८ झाला की तेच ५० हून अधिक होतात. मुलांनी कूपनलिकेचे जड, अल्कधर्मी पाणी ओतताच सामू चढला आणि इतके दिवस निजलेले विष जागे झाले. पाणी पिवळे होते तेव्हा मासे सुरक्षित होते असेही नव्हे. ते सापळ्यावर बसले होते, एवढेच.

मुलांची माया खोटी नव्हती. पाच महिन्यांचे काम एका दुपारी उरकण्याची घाई तेवढी नडली. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलले असते, तर बायकार्बोनेटांची भर पडत राहिली असती आणि अमोनियाही साठला नसता. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते नाहीसे करणारे द्रावण आधी घालावे लागते. नव्या पाण्याचा सामू मोजताना ते रात्रभर उघडे ठेवून मग मोजावा. जमिनीतून नुकत्याच काढलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू कोंडलेला असतो, त्यामुळे आकडा फसवा येतो. पेटीतील पाणीही रोज एकाच वेळी तपासावे, कारण उजेडात वनस्पती तो वायू शोषून घेतात आणि संध्याकाळी सामू सकाळपेक्षा चढलेला दिसतो. लिटमसने केवळ आम्ल की अल्क एवढेच समजते. थेंबांनी रंग पालटणारे द्रावण अधिक उपयोगाचे. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू आम्ल पाण्यात पिवळे, उदासीन पाण्यात हिरवे आणि अल्कधर्मी पाण्यात निळे दिसते.

पाणी फार जड असेल तर त्यात स्वच्छ साठवलेले पावसाचे किंवा घरच्या आरओ यंत्राचे पाणी थोडे थोडे मिसळावे. नुसते आरओचे पाणी वापरू नये, कारण त्यात ना क्षार असतात ना सामू सावरणारे द्रव्य. देशी बदामाची वाळलेली पाने घातली तर सुफेन पाणी किंचित आम्ल व तांबूस होते. पाणी जड करावयाचे असल्यास शिंपल्यांचा चुरा पिशवीत बांधून ठेवतात. या सर्वांहून सोपा मार्ग म्हणजे आपल्या नळाला वा विहिरीला जे पाणी असेल त्यात सुखाने राहणारे मासेच आणणे. पण दुकानातील निळ्या-तांबड्या रेषा पाहिल्यावर हा विवेक टिकणे कठीण, हेही कबूल केले पाहिजे.

एखादी पेटी फार दिवस दुर्लक्षित राहिली असेल, तर प्रथम तिचा सामू आणि अमोनिया तपासावा. खाद्य एक-दोन दिवस बंद ठेवावे. नेहमीच्याच जातीचे, पेटीइतक्याच उबेचे पाणी घ्यावे आणि रोज दहावा हिस्सा बदलावा. ते तांब्याने ओतू नये. बारीक नळीला सैल गाठ मारून थेंब थेंब सोडावे. आठ-दहा दिवस हे चालते. त्या काळात मासे वर येऊन तोंडे उघडू लागले, तर नळी लगेच बंद करावी आणि सामू पुन्हा मोजावा.