अणुभट्टीपासून वर्गापर्यंत

रायपूरच्या पंडरीत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या कानांवर रोज तीन भाषा पडतात. घरी मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी. पंडरीजवळच शंकरनगरात राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा विचार तिथे होतो. विज्ञानशिक्षक घडवायचा कसा, हा प्रश्न म्हणूनच इथल्या पालकांच्या अगदी दारातला आहे. त्याचे उत्तर शोधण्यात आयुष्याचा मोठा भाग खर्ची घालणारे एक मराठी भौतिकशास्त्रज्ञ होते, प्रा. भालचंद्र माधव उदगावकर.

१९२७ साली जन्मलेले उदगावकर १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. ‘अप्सरा’ ही देशातली पहिली अणुभट्टी १९५६ साली तुर्भ्याला सुरू झाली. त्या उभारणीच्या वर्षांत ते अणुभट्टी-भौतिकीवर काम करीत होते. पुढे ते मूलकणांच्या सैद्धांतिक अभ्यासाकडे वळले. १९६२ मध्ये मरे गेल-मान यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला. गेल-मान यांना १९६९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा उंचीवरचा संशोधक महापालिकेच्या शाळांकडे वळला, आणि तेही संशोधन न सोडता. संस्थेतल्या सहकाऱ्यांसह त्यांनी ‘बॉम्बे असोसिएशन फॉर सायन्स एज्युकेशन’च्या कामाला आकार दिला. त्यातूनच १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. केंद्राचे पहिले संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी हेही भौतिकशास्त्रज्ञच. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात, ग्रामीण शाळांमधल्या शिक्षकांबरोबर केंद्राने सुरुवातीचे मोठे काम केले.

मूल विज्ञानात मागे का पडते, हे या मंडळींनी गृहीत धरले नाही, तपासून पाहिले. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांचा १९८१चा अभ्यास भाषेच्या अडसरावर होता. पाठ्यपुस्तकातली बोजड वाक्ये सोपी केली की मुलांची समज वाढते, असे त्यांना आढळले. मुंबई महापालिकेच्या शाळांमधील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबतही केंद्राने काम केले. योग्य आधार मिळाला की ही मुले किती पुढे जातात, हे त्यातून दिसले. दोष मुलाच्या बुद्धीत शोधण्याची सवय या कामाने खोटी ठरवली.

शिक्षकाच्या प्रशिक्षणात संशोधकाची दृष्टी म्हणजे काय, ते लंबकाच्या साध्या प्रयोगात दिसते. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका पूर्ण आंदोलनासाठी सुमारे २ सेकंद लागतात. घड्याळाची कळ दाबताना हाताची चूक ०.२ सेकंद झाली, तर एकाच आंदोलनाच्या मोजणीत ती १० टक्के भरते. २० आंदोलने मोजून भागाकार केला, की तीच चूक अर्ध्या टक्क्यावर येते. सूत्र पाठ करणाऱ्या शिक्षकाला हे सुचणार नाही. ज्याने स्वतः दोरा बांधला, आकडे लिहिले आणि ते जुळत नाहीत म्हणून पुन्हा मोजले, तो शिक्षक मुलाच्या वेगळ्या उत्तराला घाबरत नाही.

हा विचार आपल्या भागालाही अनोळखी नाही. रायपूर मध्य प्रदेशात होते तेव्हा, १९७२ साली, होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. टाटा संस्थेतल्या शास्त्रज्ञांचे त्याला सुरुवातीपासून पाठबळ होते. मुलांनी गटात प्रयोग करायचे, परीक्षेत पुस्तक उघडून बसायचे, शिक्षकांनी सुट्टीत प्रशिक्षण घ्यायचे आणि नंतर मासिक बैठकीत अडचणी मांडायच्या, अशी त्याची रीत होती. २००२ साली शासनाने तो बंद केला. तीस वर्षांत तयार झालेले शिक्षक मात्र कोणत्याही आदेशाने बंद होत नाहीत.

उदगावकर १९८२ ते १९९१ या काळात मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष होते. १९८५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०१४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामातून रायपूरने घ्यावे असे पुष्कळ आहे. छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाला विज्ञानाचे हिंदी कुठे अडते, हे वर्गात बसून नोंदवायला हवे. प्रशिक्षणात भाषणे कमी आणि प्रयोग जास्त हवेत, आणि प्रशिक्षण संपल्यावरही दर महिन्याला शिक्षकाची विचारपूस व्हायला हवी. विद्यापीठांतल्या प्राध्यापकांनी हे काम आपल्या संशोधनाइतकेच मोलाचे मानायला हवे. त्याला महागडी उपकरणे लागणार नाहीत. लागेल तो शिक्षकावरचा विश्वास.