पाकिटावरचं नाव वाचून घ्या

उभ्या धानात लाखोरी फेकायची, धान निघाल्यावर हरभरा पेरायचा, ही आपल्या दिघोरीकडची रीत. त्यासाठी गटातल्या कितीतरी जणी जिवाणू खताचं पाकीट आणतात. त्यावर 'रायझोबियम' लिहिलेलं असतं. आज आम्ही या नावाबद्दल सांगणार आहोत, कारण ते अर्धवट वाचलं तर पैसा वाया जातो.

लाखोरीचं रोप मातीसकट हळूच उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. तो रोग नव्हे. त्या गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र रोपाला देतात आणि रोप त्यांना साखर देतं. 1888 मध्ये हॉलंडच्या बायरिंक या शास्त्रज्ञांनी ते गाठींतून वेगळे काढून वाढवले. पुढच्या वर्षी जर्मनीच्या फ्रांक यांनी त्यांना रायझोबियम म्हटलं. म्हणजे मुळात जगणारा.

मग कळलं की हे सगळे एका घराण्यातले नाहीत. काही फार हळू वाढतात. 1982 मध्ये त्यांचं वेगळं घराणं केलं, ब्रॅडीरायझोबियम. 'ब्रॅडी' म्हणजे हळू. सोयाबीन, मूग, उडीद, चवळीचे जिवाणू बहुतेक याच घराण्यातले. 1997 मध्ये मधल्या चालीच्यांचं मेसोरायझोबियम झालं. हरभऱ्याचे त्यात गेले. लाखोरी, मसूर, वाटाण्याचे मात्र जुन्याच नावात राहिले.

दुकानात आजही बरेचदा सगळ्यांना रायझोबियमच म्हणतात. म्हणून पाकिटावर पिकाचं नाव शोधा. हरभऱ्याच्या पाकिटाने लाखोरीला गाठी येणार नाहीत. धानाच्या मुळांना तर अशा गाठी येतच नाहीत. धानासाठी अझोस्पिरिलम मागा.

मुदतीची तारीखही पाहा. पाकीट उन्हात ठेवू नका. साधारण 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम खत, थंड केलेल्या गुळाच्या पाण्यात कालवून चोळा आणि सावलीत सुकवा. बुरशीचं औषध लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी.

पीक फुलावर येण्याआधी एक गाठ नखाने फोडून पाहा. आतून गुलाबी असेल तर जिवाणू कामाला लागले आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर पाकीट सोबत घेऊन साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.