सोव्हिएत अभिनेते इगोर इलिन्स्की : रंगमंच आणि पडदा

- जन्म : २४ जुलै १९०१, मॉस्को. निधन : १३ जानेवारी १९८७, मॉस्को.
- रंगभूमी : दिग्दर्शक मेयरहोल्ड यांच्या नाटकांतून नाव. मायाकोव्स्कीच्या ‘ढेकूण’मध्ये (१९२९) प्रमुख भूमिका. १९३८पासून माली थिएटर.
- मूकपट : ‘एलिता’ (१९२४), ‘मेरी पिकफर्डचं चुंबन’ (१९२७). दुसऱ्यात हॉलिवूड कलाकार मेरी पिकफर्ड व डग्लस फेअरबँक्स यांच्या १९२६च्या मॉस्को भेटीची खरी दृश्यं.
- बोलपट : ‘व्होल्गा-व्होल्गा’ (१९३८), ‘कार्निव्हल नाइट’ (१९५६). दोन्हींत तोरा मिरवणारा नोकरशहा. पहिल्यात बिवालोव, दुसऱ्यात ओगुर्त्सोव.
- वेगळी भूमिका : ‘हुस्सार बॅलड’मध्ये (१९६२) सेनापती कुतुझोव.
- सन्मान : सोव्हिएत संघाचे लोककलावंत (१९४९), लेनिन पारितोषिक (१९८०).
- फरक : मेयरहोल्डकडे शारीरिक हालचालींवर बेतलेला ‘बायोमेकॅनिक्स’ अभिनय; मालीत संवादप्रधान, वास्तववादी परंपरा.