पडद्यावरचे पत्ते आणि मेजावरचे पत्ते

पत्त्यांच्या न्यायनिवाड्यात आपल्या शहराला मानाचे पान आहे. १९६३ साली सिकंदराबादेतील एका क्लबावर धाड पडली आणि ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नागपूरला वकिली केलेल्या न्या. हिदायतुल्ला यांनी १९६७ साली निर्णय दिला, की रमी ही तीनपत्तीप्रमाणे निव्वळ नशिबाची नव्हे. पडलेले पत्ते स्मरणात ठेवावे लागतात, धरण्या-टाकण्याला कसब लागते. क्लब डावांवर नफा कमवीत असेल तर गुन्हा ठरू शकेल, ही त्याच निकालातील पुस्ती मात्र लोक सोयीस्करपणे विसरतात.

पुढे पत्ते भ्रमणध्वनीत शिरले. २०१७ साली तेलंगणाने आंतरजालावरील पैशाच्या खेळांना बंदी केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेही तसाच कायदा केला. पडद्यावर पोकर शिकलेली आमची काही माजी विद्यार्थी मंडळी आता गोव्याच्या, मांडवीतील कॅसिनो-नौकांवरील स्पर्धांची भाषा करू लागली आहेत. पालक आम्हांस विचारतात, हे काय प्रकरण?

खेळ तोच. प्रत्येकाच्या हाती दोन पाने, मध्यभागी सर्वांची मिळून पाच. परंतु पडद्यावर यंत्र आपल्याला चुकूच देत नाही. पाळी नसता बोलता येत नाही, रक्कम आपोआप मोजली जाते. मेजावर तोंडून निघालेला ‘रेझ’ हा शब्द बांधील ठरतो. चकत्या एकदा पुढे सारून, हात मागे नेऊन पुन्हा भर घातली तर ती भर मानीत नाहीत. समोरच्याने लावल्यावर आपण न बोलता एकच मोठी चकती टाकली, तर ती केवळ बरोबरी समजतात. आपली पाने चकतीखाली दाबून ठेवावीत. वाटणाऱ्याने चुकून ती ओढून घेतली की बहुधा डाव गेलाच.

शिवाय गती मंद. तासाला पंचवीस-तीस डाव. घरी एकाच वेळी चार मेजे खेळणाऱ्या पोराला हा संथपणा सोसवत नाही आणि कंटाळून तो भलत्या पानांवर पैसे लावतो. इकडे सक्तीची रक्कम, ज्याला ते ‘ब्लाइंड’ म्हणतात, ठरावीक वेळेने वाढतच असते. म्हणजे नुसते बसूनही भागत नाही. उन्हाळी सुटीत मावशीचा चेहरा वाचीत मेंढीकोट खेळलेल्यास मात्र येथे थोडा लाभ होईल, असे आम्हांस वाटते!

स्पर्धेची एक बाजू बरी, की प्रवेशशुल्कापलीकडे नुकसान नाही. पण बाद झालेल्यास पुन्हा पैसे भरून बसण्याची ‘री-एंट्री’ अनेक ठिकाणी असते आणि घर बुडते ते तेथेच. तेव्हा जाणाऱ्याने परतीचे तिकीट आधी काढावे, शुल्क रोख न्यावे आणि बँकेचे कार्ड आईच्या कपाटात ठेवून निघावे. कार्ड ठेववत नसेल, तर तिकीटही काढू नये.