कॉम्प्युटर अचानक निळा पडतो तेव्हा...

‘अरे, परत निळा झाला बघ!’

सांगलीहून वडिलांचा असा फोन आला, की बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या मुलाच्या पोटात गोळा येई. वडिलांचं औषधांचं दुकान. सगळा हिशेब कॉम्प्युटरवर. तो मध्येच बंद पडायचा. कधी दोन दिवस काही नाही, तर कधी तासाभरात दोनदा! दुरुस्तीवाल्याने ‘व्हायरस आहे’ म्हणत दोनदा फॉरमॅट मारून दिला. पहिल्या खेपेला नातीच्या बारशाचे फोटो गेले, दुसऱ्या खेपेला चार महिन्यांची उधारी.

शेवटी मुलगा म्हणाला, ‘बाबा, पडदा निळा झाला की लगेच मोबाइलवर फोटो काढून पाठवा.’ तीन फोटो आले. तिन्हींवर एकाच फाइलचं नाव. ती होती इंटरनेटसाठी लावलेल्या वाय-फाय डोंगलच्या ड्रायव्हरची. दुरुस्तीवाला दर वेळी सगळं पुसायचा आणि जुन्या सीडीवरून तोच ड्रायव्हर पुन्हा घालायचा!

ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि विंडोज यांच्यामधला दुभाषा. साधा प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटा बंद पडतो. पण बऱ्याच ड्रायव्हरना थेट माजघरात, म्हणजे कर्नलमध्ये प्रवेश असतो. तिथे चूक झाली की साठवलेली माहिती बिघडू नये म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. विंडोज एक्सपीच्या त्या काळी नोंदलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते, असं वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली लिहिलं होतं. व्हायरस बिचारा उगाच बदनाम!

हे फक्त सांगलीच्या दुकानात घडतं असं समजू नका. १९ जुलै २०२४, शुक्रवार. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जगभर एक छोटी फाइल पाठवली. कंपनीचा ड्रायव्हर २० रकान्यांची माहिती घेऊन बसला होता, नव्या फाइलने एकविसावा रकाना मागितला. नसलेल्या जागी वाचायला गेलेला ड्रायव्हर कोसळला आणि त्याच्यासोबत विंडोजही. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले होते. इलेक्ट्रॉनिक सिटी शहराच्या दक्षिण टोकाला, विमानतळ उत्तरेला. सगळं शहर ओलांडून तिथे पोहोचलेल्या प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले! उपाय साधाच होता : सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसणे. पण एकेका कॉम्प्युटरसमोर बसून.

असे दोष आधीच पकडता येतात का? मायक्रोसॉफ्टमध्ये थॉमस बॉल आणि श्रीराम राजमणी यांनी ड्रायव्हर न चालवताच त्याचा कोड तपासणारं ‘स्लॅम’ हे तंत्र उभं केलं. राजमणी पुढे बंगळुरूला आले आणि तिथल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्राचे प्रमुख झाले. तरीही २०२४ चा घोटाळा झालाच, कारण ड्रायव्हर तपासून मान्य केलेला होता, चुकली ती त्याला नंतर मिळालेली फाइल.

मग आपण घरी काय करायचं? पहिला प्रश्न स्वतःला विचारा : बिघाड सुरू होण्याआधी नवं काय लावलं, कोणतं अपडेट आलं? स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की बिघाडांची तारीखवार यादीच दिसते. निळ्या पडद्याचा (विंडोज ११मध्ये २०२५पासून तो काळा झाला आहे) फोटो घ्या. दर वेळी एकाच फाइलचं नाव असेल, तर संशय ड्रायव्हरवर. दर वेळी निराळाच संदेश येत असेल, तर आधी रॅम तपासून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या यंत्राच्या नावावर जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ केलं, की जुना ड्रायव्हर परत येतो. ते बटण पुसट दिसत असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरून योग्य ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर फुकट अपडेट करतो’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमच्या नादी मात्र लागू नका.

कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर सेफ मोड. पण अनेक नव्या लॅपटॉपवर तिथे शिरताना बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागतात. ती मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यात असते. लॅपटॉप धड चालू असतानाच ती कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवून द्या. सांगलीच्या बाबांनी ठेवली आहे. डोंगल बदललं, उधारीची वही मात्र त्यांनी पुन्हा हातानेही लिहायला घेतली आहे.