चोडण बेटाचे हिवाळी रंग

हिवाळ्यात गोव्यास जाणारे बहुतेक प्रवासी पश्चिमेकडे तोंड करून बसतात. समोर समुद्र, वाळू आणि मावळता सूर्य असतो. आपल्या पाठीशी मांडवी नदीने कित्येक बेटे जवळ बाळगली आहेत, याची त्यांना दाद नसते. त्या बेटांपैकी चोडण हे बेट हिवाळ्यात मुद्दाम जाऊन पाहावे असे आहे. श्रोतेहो, बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे असो, नाताळच्या सुटीत गोव्याला जाण्याचा बेत ज्यांच्या घरी चालला असेल, त्यांनी एक सकाळ या बेटासाठी राखून ठेवावी.

पणजीहून निघालेला रस्ता पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात दलदलीतून बांधलेल्या लांब दगडी पुलावरून रायबंदरास जातो. तेथून फेरीबोट पलीकडे चोडणला पोचवते. जुन्या परंपरेत या बेटाचे नाव ‘चूडामणी’ असे सांगतात. माशेलच्या देवकीकृष्णाचे मूळ स्थान हेच. सोळाव्या शतकातील धर्मच्छळाच्या काळात ती मूर्ती येथून हलविण्यात आली. बेटावर आज सेंट बार्थोलोम्यूचे देवालय आहे, हिंदूंची मंदिरे आहेत आणि मधल्या टेकडीवर काजू व आंबा मोहरतात. परंतु चोडणचे खरे वैभव टेकडीवर नसून तिच्या पायथ्याशी, जेथे जमीन कोणती आणि पाणी कोणते हे सांगणे कठीण, अशा सखल पट्ट्यात आहे.

बोटीतून उतरताच बेटाचे पश्चिम टोक लागते. मांडवी आणि म्हापसा या दोन नद्यांच्या संगमावरील हे खारफुटीचे वन सुमारे 178 हेक्टरांचे आहे. 1988 साली ते अभयारण्य म्हणून राखण्यात आले आणि आदल्याच वर्षी निवर्तलेले थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव त्याला देण्यात आले. प्रथमदर्शनी हे वन एकरंगीच वाटते, आणि घाईचा प्रवासी ‘हिरवे झाड आणि काळा चिखल’ एवढाच शेरा मारून परत फिरतो. त्याने अर्धा तास थांबावयास हवे होते.

त्या चिखलालाही रंग आहे. ओहोटीच्या वेळी पाणी सरले की चिखलाच्या पृष्ठावर सोनेरी तपकिरी साय दिसते. डोळ्यांना एकेक दिसू न शकणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा तो थर असतो. काठीने जरा उकरले तर आतील चिखल काजळासारखा काळा निघतो आणि कुजक्या अंड्याचा दर्प येतो. आत प्राणवायू पोचत नाही, म्हणून लोह आणि गंधक यांचा संयोग होऊन तो काळेपणा येतो. अशा गुदमरलेल्या चिखलात झाडाने श्वास कसा घ्यावा? तिवराने आपली मुळे पेन्सिलीसारखी वर काढली आहेत आणि त्या मुळांवाटे ते हवा आत घेते. खाऱ्या पाण्याचीही त्याने अशीच वाट लावली आहे. तिवर नको असलेले मीठ पानावाटे बाहेर टाकते, आणि कोरड्या दिवशी पानावर बोट फिरवून जिभेला लावले तर खात्री पटते. कांदळ मात्र बहुतेक मीठ मुळाशीच अडवून धरते. त्याची हिरवी शेंगेसारखी लांब रोपे झाडावरच अंकुरतात आणि मग खाली पडतात. बाळंतपण पुरे झाल्याखेरीज लेकराला घराबाहेर न धाडण्याची ही रीत वनस्पतींत विरळाच म्हणावी लागेल.

याच चिखलावर एका बाजूची नांगी अंगाहून मोठी असलेले चिमुकले खेकडे केशरी-गुलाबी नांग्या वरखाली हालवीत असतात. हा प्रताप फक्त नरांचा. मादीला बोलावणे आणि दुसऱ्या नराला दटावणे ही दोन्ही कामे ती एकच नांगी करते. निवटे नावाचे मासे पाण्याबाहेर येऊन उड्या मारीत हिंडतात. अंग ओले असेपर्यंत कातडीवाटे श्वास घेणे त्यांना साधते.

आणि या सर्वांवर टपून बसलेला असतो खंड्या. खंड्याच्या जाती पाहाव्या त्या चोडणला. पांढऱ्या गळ्याचा, तपकिरी डोक्याचा आपल्या ओळखीचा खंड्या तर आहेच. शिवाय लालभडक जाड चोचीचा मोठा खंड्या, काळ्या टोपीचा जांभळट निळा आणि पोटाशी नारिंगी असा एक, आणि गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला निळा-हिरवा एक. हा शेवटचा खारफुटीचाच रहिवासी असून पश्चिम किनाऱ्यावर फार थोड्या ठिकाणी आढळतो. त्याच्यासाठी पक्षिप्रेमी दुरून येथे येतात. या पक्ष्यांच्या नारिंगी पिसांत खरोखरीचे रंगद्रव्य असते. निळ्या पिसांत मात्र निळा रंग नसतो. पिसाच्या आतील अतिसूक्ष्म जाळीदार रचनेवरून प्रकाश असा परतून येतो की, डोळ्यांपर्यंत मुख्यतः निळा भागच पोचतो. तेच पीस कुटून त्याची पूड केली तर निळेपणा नाहीसा होतो.

हिवाळी पाहुण्यांविषयी मात्र थोडी सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. उत्तरेकडून येणारे सगळेच पक्षी रंगीत असतात, अशा आशेने येणाऱ्याची निराशा होते. तुतवार येतात ते धुरकट वेषात. काळ्या डोक्याचे कुरव येतात, पण डोक्याचा काळेपणा उत्तरेतच ठेवून. हिवाळ्यात डोळ्यामागे एक ठिपका तेवढा उरतो. विणीच्या हंगामातली भरजरी वस्त्रे परदेशी नेण्याचे कारणच काय? बदकांची तऱ्हा निराळी आहे. त्यांच्या जोड्या बहुधा हिवाळी मुक्कामातच जुळतात, म्हणून तलवार बदकाचा नर डिसेंबरपर्यंत पुन्हा नटून तयार होतो. त्याचे डोके चॉकलेटी, मानेवर पांढरी रेघ आणि शेपटी तलवारीसारखी लांब. भिवई बदकाचा नर आपली पांढरी भिवई जरा उशिरा, हिवाळा सरता सरता धारण करतो. म्हणजे ज्याला तलवार पाहावयाची त्याने नाताळात यावे, आणि ज्याला भिवई पाहावयाची त्याने फेब्रुवारीत.

ही बदके आणि बगळ्यांचे थवे पाहावयाचे तर वनाबाहेर पडून बेटावरील खाजनांकडे वळावे लागते. त्यांना उथळ, मोकळे पाणी हवे असते. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीहूनही सखल अशी शेतजमीन. नदीला बांध घालून ती पूर्वजांनी पाण्याकडून मागून घेतली. बांधात ठिकठिकाणी मानस असते. मानस म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीत आतले पाणी रेटू लागले की उघडतात. पावसाळ्यात पाऊस जमिनीतले मीठ धुऊन काढतो. तेव्हा खारेपणा सोसणारे कोरगुट भात पिकते. कापणी झाल्यावर मानशीतून खारे पाणी मोजून आत घेतात आणि कोळंबी-मासळी वाढवितात. म्हणून हिवाळ्यात बेटावर एकाच वेळी पिवळी धसकटे, आरशासारखे पाणी, बांधाची तांबडी माती आणि पलीकडची हिरवी खारफुटी असे पट्टे शेजारी शेजारी दिसतात. चित्रकाराला हे दृश्य फुकट मिळते. शेतकऱ्याला ते श्रमाने राखावे लागते.

ते राखणे अलीकडे अवघड होऊन बसले आहे. पूर्वी बांधांची निगा गावकरीकडे, म्हणजे कोमुनिदादीकडे असे. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली. कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला हे न्यायाचेच झाले. परंतु दरवर्षी माती, पेंढा आणि चिरे घेऊन एकजुटीने बांध बांधण्याची जुनी शिस्त अनेक गावांतून ढिली पडली. त्यात मानशीतली मासळी लिलावाने विकली जाते. भाताच्या मानाने कोळंबीत पैसा अधिक, तेव्हा नको त्या वेळी दारे उघडी ठेवून खारे पाणी आत घेण्याचा मोह कोणाला तरी होतोच. खेकडे बिळे करतात, लाटा बांध पोखरतात, आणि एखाद्या रात्री तो फुटतो. फुटलेल्या बांधातून भरतीबरोबर तिवर-कांदळाची बीजे आत येतात आणि काही वर्षांत शेताच्या जागी वन उभे राहते.

वनच उभे राहिले, मग बिघडले कोठे, असे शहरी मनुष्य विचारील. बांधाबाहेरचे तिवर लाटांचा मारा झेलून बांधाचे रक्षण करते. तेच झाड बांधाच्या आत आले की शेत गिळते. एकदा ते वाढले की कायद्याने तोडता येत नाही, आणि तो कायदाही अस्थानी नाही. अखेर शेतकऱ्याचे भात जाते आणि बदकांचे मोकळे पाणीही जाते. खंड्याला ही अदलाबदल मानवेल, तलवार बदकाला मानवणार नाही.

जाणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, सकाळी लवकर जावे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्यावी, कारण ती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. खेकडे, निवटे आणि चिखलातले पक्षी ओहोटीला दिसतात. होडीने खाडीत शिरावयाचे तर भरती हवी. कपडे भडक नसावेत आणि बोलणे हळू असावे. पाणमांजरे भित्री असतात. या पाण्यांत मगरीही आहेत, तेव्हा मुलांना काठावर मोकळे सोडू नये. परतताना एखाद्या मानशीपाशी थांबून पाहावे. भरती चढू लागली की आधी दारांच्या फटीतून पाण्याची बारीक धार आत येते, मग लाकूड लाकडावर बसल्याचा आवाज होतो आणि धार बंद पडते.